तंत्रीकडचं पाणी

वेनिंगने दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. बादली भरायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. पलीकडच्या गल्लीत धाकट्या बहिणीकडे, तंत्रीकडे, पंचावन्न सेकंद. तेही तिने काल गुपचूप मोजून आणलं होतं.

दोघींचे पंप सारखे, एकाच प्लंबरने बसवलेले. छतावरच्या टाक्याही सारख्याच उंचीवर. तरी तीन आठवड्यांपूर्वी इबूचा, म्हणजे दोघींच्या आईचा, खांदा मोडल्यापासून ती रोज दुपारी कपडे घेऊन तंत्रीकडेच अंघोळीला जायची. मग तिथेच जेवायची, तिथेच आडवी व्हायची. शुक्रवारपासून पलंगही तिकडेच न्यायचा, असं ठरत होतं. आईने आपलं घर सोडायचं ते पाण्याच्या धारेसाठी, हे वेनिंगच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तिने शॉवरची जाळी धुतली. गाळणी काढून पाहिली, स्वच्छ होती. पंपावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चांगलाच तापला होता. एवढं राबून पाणी जातं कुठे? तिने पाइपावरून बोट फिरवत नेलं आणि पंपाला वळसा घालणाऱ्या पाइपाच्या चावीपाशी थांबली. चावी उघडी होती. वीज गेली की इथे सालातिगा शहरात सगळेच ती उघडतात, म्हणजे टाकीचं पाणी पंपाला टाळून खाली येतं. गेल्या महिन्यात तिनेच उघडली होती. बंद करायची राहिली. पंप ढकलायचा तेच पाणी वळशातून पुन्हा पंपात यायचं.

चावी बंद केली. एकावन्न सेकंद!

ती धावतच तंत्रीकडे गेली. न्हाणीघरातून इबूचं हसणं ऐकू आलं.

"इबू, माझ्याकडे आता पाणी येतंय! हिच्यापेक्षा जास्त!"

"बरं झालं गं, निंग," इबू आतून म्हणाली. "पण इथे सवय झालीय आता."

"म्बाक, बस ना, टेंपेचे काप तळलेत," तंत्री न्हाणीघराच्या दारातून थोरल्या बहिणीला म्हणाली. "किती धापा टाकतेयस! पाणी आणायला नदीवर गेली होतीस का?"

वेनिंग बसली नाही. ती मागच्या बाजूला गेली. तिथे तंत्रीचा पंप, तोच वळसा, तशीच चावी. तिने ती उघडली.

"अगं, धार गेली! डोळ्यांत साबण आहे माझ्या!"

"इबू, डोळे मिट. म्बाक! बघ ना, पंप गेला वाटतं!"

वेनिंग जाळीच्या खिडकीजवळ आली. 'माझ्याकडे चल' हे शब्द ओठांवर होते. आत तंत्रीने हौदातलं पाणी तांब्याने काढलं. एका हाताने इबूच्या कपाळावर आडोसा धरला आणि हळूहळू पाणी ओतू लागली. दुखरा खांदा तिने आपल्या छातीशी टेकवून घेतला होता.

तीन आठवड्यांत वेनिंगने जाळी, गाळणी, सेकंद, सगळं पाहिलं होतं. आईच्या डोक्यावर एक तांब्या ओतायचं तिला सुचलं नव्हतं.

परत पंपापाशी जाऊन तिने चावी बंद केली. आत शॉवर धो धो कोसळला.

"आलं गं, तंत्री!"

"मग होऊ का बाजूला?"

"नको," इबू म्हणाली. "शॉवर बंद कर. तूच ओत."