गाडी बंद करा

इंजिनाच्या प्लगच्या भोकात टॉर्चचा उजेड पाडून अच्युतरावांनी आत डोकावलं आणि त्यांचं टाळकंच सरकलं. गंज असणार हे ठाऊक होतं. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हापासून ही जुनी मॉरिस प्रभादेवीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. पण गंजाला चिकटलेले तांदूळ? मोटारीच्या पोटात तांदूळ कुठून आले?

“अक्का, हे काय आहे?”

थोरली बहीण राजलक्ष्मी शेडच्या दारातच उभी होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राहायची आणि घरातला सगळा देवधर्म तिच्या हातात होता. “अक्षता असतील,” ती म्हणाली. “खंडेनवमीला पूजा करते ना मी गाडीची. तू प्लग काढून कपाटात ठेवलेस आणि भोकांत चिंध्या कोंबल्यास. मी चिंध्या काढून चारही तोंडांत पळीपळी तीर्थ घालते. नारळाचं पाणीसुद्धा.”

“इंजिनात पाणी? दरवर्षी?”

“मग उपाशी ठेवू? विळीला, पाट्यावरवंट्याला सगळ्यांना मिळतं. गाडीनंच काय घोडं मारलंय?”

आता या बाईला काय म्हणायचं! एरवी अच्युतरावांनी हा किस्सा चार लोकांना रंगवून सांगितला असता. आज ती वेळ नव्हती. वर माडीवर त्यांची एकुलती एक लेक शकू पडली होती. जानेवारी छप्पनचे ते दिवस. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही म्हटल्यावर गिरणगाव पेटलं होतं, नाक्यानाक्यावर गोळीबार चालला होता. सकाळी शकू गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली, आणि नाक्यावरून आलेली एक गोळी तिच्या मांडीत घुसली. गल्लीतल्या डॉक्टरांनी घट्ट पट्टी बांधून रक्त थांबवलं आणि अच्युतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, “संध्याकाळच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. नाहीतर मी काही सांगू शकत नाही.”

पण नेणार कशी? कर्फ्यू. ॲम्ब्युलन्सचा फोन कुणी उचलेना. शेजारचा रामदास हातगाडीवर गादी घालून तिला घेऊन निघाला, तर पोलिसांनी लाठ्या उगारून कोपऱ्यावरूनच हुसकलं. उरली ही मॉरिस. आणि तिचं इंजिन असं जाम, की हँडल घालून दोघे लटकले तरी केसभर हलेना.

“तू घालवलंस अक्का! शकूचं काही झालं तर...” अच्युतराव ओरडले आणि पुढचं त्यांनी गिळलं. राजलक्ष्मीचा चेहरा उतरला. ती घरात गेली आणि रॉकेलचा डबा घेऊन आली. स्वयंपाकघरात होतं नव्हतं तेवढं.

रॉकेलमध्ये तेल मिसळून त्यांनी चारही भोकांत ओतलं. खरं तर ते दोन-चार दिवस मुरू द्यायला हवं. दिवस कुठले, इथे तास मोजके! रामदासनं गल्लीतले सात-आठ जण गोळा केले, चाकांत हवा भरली, गाडी विटांवरून उतरवून अंगणात आणली. अच्युतरावांनी टॉप गिअर टाकला. “दणका देऊ नका रे. पुढे-मागे झुलवा नुसती. फार जोर लावलात तर आतला दांडा वाकेल, मग संपलंच सगळं.”

गाडी पुढे झुलली, मागे झुलली. चाकं फिरायची नाहीत, नुसती फरफटायची. माणसं घामाघूम झाली. पुन्हा रॉकेल, पुन्हा झुलवणं. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसा अच्युतरावांचा धीर सुटत चालला. वरून शकूचं कण्हणं ऐकू आलं तेव्हा मात्र ते स्वतःच म्हणाले, “द्या दणका. होईल ते होईल.”

सगळ्यांनी खांदे लावले. आतून कट् असा आवाज झाला. मोडलं! अच्युतरावांनी डोळेच मिटले. पण चाकं फिरत होती. भोकांतून लालभडक चिखल उडून रामदासच्या सदऱ्यावर आला आणि पठ्ठ्या आनंदानं शिवी हासडून नाचला.

प्लग बसवले. लाँड्रीवाल्यानं गरम कपडे धुवायचं पेट्रोल दिलं. मॅग्नेटोवर ठिणगी पाडणारी गाडी, मेलेल्या बॅटरीवाचून अडणार नव्हतं. हँडलला दाद देईना, अंगणातून गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली तेव्हा कुठे खोकत, निळा धूर ओकत ती सुरू झाली. “आता मध्ये कुठे बंद पडू देऊ नका,” रामदास म्हणाला. शकूला मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन राजलक्ष्मी बसली आणि गाडी परळच्या हॉस्पिटलकडे निघाली.

रस्ता ओस, नुसते दगड आणि काचा. एल्फिन्स्टनच्या पुलाअलीकडे पोलिसांनी बंदूक आडवी धरून अडवलं. हवालदार पुढे आला.

“गाडी बंद करा!”

आणि अच्युतरावांनी बंद केली. उभी हयात सरकारी कचेरीत गेली होती त्यांची. वरून हुकूम आला की हात आपोआप चालायचा, तसाच चालला. इंजिन गप्प झालं तेव्हा आपण काय केलं ते त्यांना कळलं. त्यांनी स्विच पुन्हा चालू केला, स्टार्टर दाबला, बॅटरीवाचून उगाचच. वेड्यासारखे दाबत राहिले.

“बाबा,” मागून शकू क्षीण आवाजात म्हणाली, “का थांबलो?”

अच्युतराव दार उघडून खाली उतरले. राग नुसत्या हवालदाराचा नव्हता, स्वतःचाही होता.

“बंद करायला तुम्ही सांगितलंत ना? आता ढकला!”

“साहेब, आमी ड्यूटीवर...”

“माझ्या पोरीला गोळी लागलीय! कुणाची, ते मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. कर्फ्यूचा पास नाही माझ्याकडे. गोळी घालायची तर मलाही घाला, नाहीतर ढकला म्हणतो ना!”

हवालदारानं वाकून आत पाहिलं. शकूचा पांढराफटक चेहरा, रक्तानं कडक झालेलं पातळ.  मग त्यानं बंदूक जोडीदाराकडे दिली, बाकीच्यांना हाक मारली आणि खांदा लावला.

चार शिपाई बूट आपटत ढकलत होते. अच्युतरावांनी क्लच सोडला, गाडी गचका खाऊन खोकली आणि धडधडू लागली. हवालदार खिडकीबरोबर पळत आला. “साहेब, पोरगी वाचंल न्हवं?”

खाकी कपड्यातल्या माणसानं विचारलं आणि अच्युतरावांनी उत्तर दिलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. गाडी पुन्हा बंद पडू नये म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच दाबून धरला.

शकू वाचली. हवालदाराला मात्र ते कधीच कळलं नाही.