डेल्मरची डावी टाच

विनी हॅलोरन आणि डेल्मर प्रूइट ही जोडी अकरा वर्षं पडद्यावर बूट वाजवत नाचत होती आणि तितकीच वर्षं पडद्यामागे भांडत होती. भांडण एकच. डेल्मरची डावी टाच नेहमी केसभर उशिरा पडायची.

हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत नाच आधी चित्रित व्हायचा आणि पावलांचा आवाज नंतर, पडद्याकडे बघत, पुन्हा नाचून भरायचा. आज आवाज भरायचा होता आणि डेल्मरचा गुडघा टम्म सुजलेला. डॉक्टरांच्या मते तीन आठवड्यांत तो ठणठणीत होणार होता. पण निर्माता केस्लरला कुणकुण लागली असती, तर पुढच्या चित्रपटात विनीसमोर भलताच कोणी उभा राहिला असता. ते तिला मुळीच चालणार नव्हतं.

"बूट काढ," ती म्हणाली.

"अगं, तुझे दोन्ही पाय एकात मावतील!"

"वर्तमानपत्र कोंबते. काढ म्हटलं ना!"

स्वतःची पावलं तिने सकाळीच भरली होती. ती हेडफोनवर ऐकत, डेल्मरचे बूट घालून विनी त्याचा नाच नाचली, अगदी तालात.

आवाज नोंदवणाऱ्या म्हाताऱ्या ऑटोने काचेआडून मान हलवली. "झकास. पण हा डेल्मर नव्हे. साहेब लगेच ओळखतील."

तिने मोजून उशीर केला. ते आणखीच बेंगरूळ वाटलं.

"मोजू नकोस," नुसत्या मोज्यांनिशी बसलेला डेल्मर पुटपुटला. "आधी तुझी टाच ऐक. मग माझी टाक."

"म्हणजे?"

"पहिल्या चित्रपटात तू घसरलीस ना, तेव्हापासून तुझा पाय टेकला की मगच मी माझा टेकतो. सावरायला बरं पडतं."

"गाढवा! अकरा वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू ते बंद करायला लावलं असतंस."

विनीला हसू आवरेना आणि रडूही. तशीच ती उभी राहिली आणि नाचली.

दुपारी केस्लर ऐकायला आला. डेल्मर बूट चढवून खुर्चीत ऐटीत बसला होता.

"फर्स्ट क्लास!" केस्लर म्हणाला. "फक्त याची डावी टाच तेवढी अजून उशिरा पडते. सांग की त्याला, विनी."

"खूप सांगितलं, साहेब," विनी म्हणाली. "आता नाही सांगणार."