फाटकासकट

त्या रविवारी सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि उरलेली माणसे भिंतीला टेकून उभी होती. प्रत्येकाच्या मांडीवर किंवा हातात एक तपकिरी लिफाफा होता. गर्दी एवढी, पण गलका अजिबात नव्हता. दवाखान्यात आपला नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत माणसे बसतात, तशी ती बसली होती.

व्यासपीठावरच्या गृहस्थाला सगळे वाटाड्या म्हणत. हरवलेल्या किंवा घर सोडून गेलेल्या माणसाचा एक फोटो त्याच्याकडे द्यायचा. तो माणूस, जिथे असेल तिथून, घराकडे चालू लागतो आणि किती जवळ आला हे फोटोत दिसते. नऊ रविवार, नऊ फोटो. नवव्या फोटोत चेहरा चौकट भरून टाकतो, आणि मग माणूस दारात.

"छाया चालते, काया मागून येते," वाटाड्या संथपणे म्हणाला. "शिकलेल्यांसाठी सांगतो. तुम्ही पिक्सेल पिक्सेल म्हणता ना? आमच्याकडे त्यालाच प्राणकण म्हणतात. माणूस जवळ येऊ लागला की प्राणकण फुगतात. फोटो जरा खरखरीत दिसतो. घाबरू नका. ते ऊर्जेचे दाणे आहेत."

मी बावीस वर्षे एका स्टुडिओत फोटो कापण्याचे आणि लहानमोठे करण्याचे काम करतो. पिक्सेल फुगतो तो फोटो ताणल्यावर, हे मला ठाऊक होते. पण ताईने माझे मनगट धरले होते आणि तिची बोटे थंड होती.

आमच्या पुढच्या रांगेत एक निवृत्त पोस्टमन बसले होते. त्यांनी मागे वळून ताईला विचारले, "तुमचा कितवा?"

"सातवा."

"माझे नऊ झाले. मुलगी येऊन गेली म्हणे, पहाटेची. माझं दार लावलेलं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय." ते थोडे थांबले. "हल्ली दार लावत नाही."

"चोर शिरले तर?" मी विचारले.

"शिरू देत. कोणीतरी येईल."

ते हसले नाहीत, आम्हीही नाही.

ताईचा क्रमांक पुकारला गेला. वाटाड्याने नव्या लिफाफ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि लिफाफा तिच्या हाती दिला. "बघा माई, किती झपझप येतोय. आता आडवळण घेऊ नका. आईच्या अंगाला सुरी-कात्रीचे पाते लागले की वाट तुटते, हे विसरला नाहीत ना?"

"नाही," ताई म्हणाली.

माझा भाचा तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी कामावर जातो म्हणून घरातून निघाला आणि परत आला नाही. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. फोन बंद, पोलिसांत नोंद, पुढे काही नाही. पहिल्या वर्षी ताई रडली. नंतर ती नुसतीच शिवत राहिली. तिचे शिवणकाम घराच्या पुढच्या खोलीत चालते. त्यातच तिला काचबिंदू असल्याचे निघाले. या आजारात नजर कडेकडेने जाते, मधले तेवढे उरते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितले होते, "गेलेली नजर मी परत आणू शकत नाही. उरलेली राखू शकते. पण ऑपरेशन आता लांबवू नका." ताईने दोनदा तारीख पुढे ढकलली होती, आईच्या अंगाला पाते लागू नये म्हणून. तिसरी तारीख नऊ दिवसांवर होती आणि तीही ती टाळणार, हे भावोजींनी मला फोनवर सांगितले होते. म्हणून मी पहिल्यांदाच तिच्यासोबत इथे आलो होतो.

"बघ ना," तिने फोटो माझ्या हाती दिला. "आला ना जवळ?"

भाचा घराच्या लोखंडी फाटकासमोर उभा होता. चेहरा मोठा आणि धुरकट. मी चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही, कारण माझे लक्ष फोटोच्या डाव्या कडेकडे गेले. तिथे वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ होती.

आमच्या स्टुडिओतल्या छपाईयंत्राची सुरी दीड वर्षापासून जरा तिरकी बसते आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या कडेला अशी रेघ सोडते. मालक म्हणतात, गिऱ्हाईक तक्रार करील तेव्हा बघू.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडले आणि 'प्रदर्शन' नावाचे फोल्डर शोधले. दोन महिन्यांपूर्वी एक टोपीवाला माणूस एक्केचाळीस फोटो घेऊन आला होता. त्या फोल्डरमध्ये ते पडून होते. प्रत्येक फोटोची नऊ रूपे त्याला हवी होती: पहिले पूर्ण, मग प्रत्येक वेळी चेहऱ्याभोवतीची चौकट एक पंचमांशाने लहान करत जायचे आणि सगळे एकाच मापाच्या कागदावर छापायचे. कशासाठी, असे मी विचारले होते. प्रदर्शनासाठी, असे तो म्हणाला होता. काम सोपे होते. सॉफ्टवेअर चेहरा शोधून त्याभोवती आपोआप चौकोन काढते. चौकोन ठिकाणावर आहे एवढे पाहून मी होकाराचे बटण दाबतो. पुढची कापाकापी ते स्वतःच करते.

तेविसाव्या क्रमांकावर माझा भाचा होता.

ज्या मुलाला मी खांद्यावर घेऊन हिंडवले, त्याच्या चेहऱ्यावरचा चौकोन बरोबर बसलाय असे पाहून मी बटण दाबले होते आणि चोविसाव्याकडे वळलो होतो. दिवसाला दोनशे चेहरे माझ्यासमोरून जातात. डोके चौकटीत किती उंच यावे, हनुवटीखाली किती जागा सुटावी, फाइल किती हलकी असावी, हे मी पाहतो. चेहरा कुणाचा, हे पाहत नाही. मला वाईट वाटायला हवे होते. पण मी नुसताच पडद्याकडे बघत बसलो. मग एक बाई परवान्यासाठी फोटो काढायला आली आणि मी उठलो.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. भावोजी खिडकीपाशी बसले होते. ताई मशीनवर होती आणि तिच्या दोन्ही अंगठ्यांवर पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"कापलं का?"

"नाही. कात्री लागू नये म्हणून."

मी तिला सगळे सांगितले: टोपीवाला, पांढरी रेघ, तेविसावा क्रमांक.

"म्हणजे तू केलंस," ती म्हणाली.

"हो."

"आणि ओळखलं नाहीस."

"नाही."

तिने मशीनचे चाक हाताने थांबवले. "तुला नेहमीच माझ्या वाटाड्याचा राग. दुसऱ्या कुणाचं काम असेल ते. तो येतोय. मला दिसतं. जरा अंधुक दिसतं, पण ते माझ्या डोळ्यांचं."

"अंधुक डोळ्यांमुळे नाही, फोटोच अंधुक आहे. आणि पहिल्या फोटोत डावीकडे त्याची सायकल होती, उजवीकडे शेजाऱ्यांची टाकी होती. ती कुठे गेली?"

"कडेचं मला कुठे दिसतं आता."

 मी पहिला आणि सातवा फोटो तिच्यासमोर टेबलावर ठेवले, दिवा जवळ ओढला आणि तिचे भिंग तिच्या हाती दिले. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या टेपने माप घे. डोक्याची रुंदी, आणि मागच्या फाटकाच्या दोन गजांमधलं अंतर."

माप घे म्हटल्यावर नाही म्हणणे तिच्या स्वभावातच नाही. तिने टेपची सेंटिमीटरची बाजू वर केली आणि भिंगातून पाहत, सावकाश, नखाने खूण करत मोजले. पहिल्यात डोके दीड सेंटिमीटर, गजांमधले अंतर अर्धा. सातव्यात डोके जवळजवळ सहा, अंतर जवळजवळ दोन.

तिने पुन्हा मोजले. मग फोटो बाजूला सारून टेबलाच्या लाकडावर हात फिरवत राहिली.

"मागे एकदा," ती म्हणाली, "घाई होती म्हणून मी सदऱ्याचा कागदी ड्राफ्ट झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला होता. छाती मोठी झाली, बाही मोठी झाली, तसं काजही मोठं झालं. बटण काही केल्या राहीना. मापाने मोठा केलेला सदरा वेगळा असतो. त्यात काज तेवढंच राहतं."

"हो."

"तो चालत पुढे आला असता, तर फाटक मागेच राहिलं असतं. त्याचे गज तेवढेच दिसले असते."

"हो, ताई."

"हे काज मोठं झालंय."

भावोजी खिडकीतून म्हणाले, "म्हणजे तो येत नाहीये."

"ते मला माहीत नाही, भावोजी. फोटोलाही माहीत नाही. एवढंच मी सांगू शकतो."

 मग ताईने विचारले, "नववा तयार आहे?"

तो मी फोल्डरमधून छापून पिशवीत आणला होता. तिने भिंग धरून पाहिला. चेहऱ्याच्या जागी करड्या आणि तांबूस चौकोनांची दाटी होती.

"याच्या हनुवटीवर व्रण होता," ती म्हणाली. "झोपाळ्यावरून पडला होता. तो कुठे आहे?"

"मूळ फोटो लांबून काढलेला. व्रण त्यात आलाच नव्हता. जे आलं नाही ते मोठं करून दिसत नाही."

तिने फोटो पालथा ठेवला आणि अंगठ्यांवरच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या.

पुढच्या रविवारी ताई सभागृहात गेली, ती आठवा फोटो घ्यायला नव्हे. तिचा क्रमांक पुकारल्यावर ती माझा हात धरून व्यासपीठाशी गेली आणि लिफाफ्याला हात न लावता म्हणाली, "मला एक विचारायचंय. माझा मुलगा चालत येतोय, बरोबर?"

"येतोय, माई."

"मग तो फाटक बरोबर घेऊन येतोय का? पहिल्या रविवारपासून दोघं सारखेच मोठे होताहेत."

मागे कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

वाटाड्या अडखळला नाही. "माई, घरालाही ओढ असते. मूल घराकडे निघालं की घरही मुलाकडे सरकतं."

"तसं असतं तर मला इथवर यायला गाडी करावी लागली नसती," ताई म्हणाली. "घर जागेवरच आहे. मी सकाळी झाडलंय."

या वेळी बरेच जण हसले. व्यासपीठाच्या कडेला उभा असलेला तोच टोपीवाला मागच्या दाराकडे सरकू लागला. मी पिशवीतून एक्केचाळीस फोटो काढले आणि मी कोण, काय करतो, हे लोकांना सांगितले. "हे तुमचे नववे फोटो. वाटाड्यांनी अजून दिलेले नाहीत, पण दोन महिन्यांपूर्वी एकाच सकाळी मीच तयार केलेत. मागे फाइलची तारीख आहे. एकच फोटो कडेने कापत गेलो आणि उरलेला भाग त्याच मापाच्या कागदावर ताणत गेलो. कुणीही चाललेलं नाही. घरी जा, पट्टी घ्या, माणसाच्या मागचा खांब मोजा, खिडकी मोजा."

"हे कारस्थान आहे. अश्रद्धांचे प्राणकण जड असतात," वाटाड्या माईकमध्ये म्हणाला. सभागृहाच्या रखवालदाराने, त्याचा भाऊ बेपत्ता होता असे मला नंतर कळले, भिंतीवरचे माईकचे बटण बंद केले. वाटाड्याचे ओठ थोडा वेळ हलताना दिसले.

आरडाओरडा झाला नाही. लोक एकेक करून पुढे आले, आपापला फोटो शोधून घेऊ लागले. पोस्टमन आपला जुना पहिला आणि नवा पहिला शेजारी शेजारी धरून पाहत होते. दोन्हींत मुलीच्या डोक्यावरून गेलेल्या तारेवर तोच कावळा बसला होता. "सहा महिने एकाच जागी," ते म्हणाले. मुलीबद्दल की कावळ्याबद्दल, ते मी विचारले नाही.

एक तरुण बाई मात्र तिचा फोटो घेईना. ती मला म्हणाली, "कशाला सांगितलंत? माझे अजून दोन रविवार उरले होते."

 पोलिसांत तक्रार करताना तिचेही नाव मी लिहू का, एवढेच विचारले. तिने बराच विचार करून होकारार्थी मान हलवली.

मंगळवारी ताईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. कडेचे गेलेले परत आले नाही, मधले राहिले. तिला सुईत दोरा ओवता येतो. भाचा आलेला नाही. त्याचा मूळ फोटो, न कापलेला, सायकल आणि टाकीसकट, मी मोठ्या कागदावर छापून पोलिसांना दिला. खाली हनुवटीच्या व्रणाची नोंद ताईने स्वतः सांगून लिहवून घेतली. हरवलेला माणूस सापडतो तो अशा नोंदींनी, चौकशीने, कुणीतरी ओळखल्याने. कधी कधी सापडतही नाही. हे सांगायला कठीण आहे, पण ते खरे आहे, आणि या खऱ्यावर पाय ठेवून ताई दवाखान्यापर्यंत चालत गेली.

यंत्राची तिरकी सुरी मालकांनी अजून बदललेली नाही. मी मात्र हल्ली बटण दाबण्यापूर्वी चौकोनाच्या आतला चेहरा पाहतो. त्याने काम थोडे रेंगाळते, मालक कुरकुर करतात.

आणि तुम्हाला कुणी असा चमत्कार दाखवला, तर ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे त्याच्या चेहऱ्याकडे आधी पाहू नका. तिथे आपले डोळे आपल्याला फसवायला तयारच असतात. मागे काय आहे ते पाहा. टेप काढा आणि फाटकाचे गज मोजा.