डिमार्कचा डबा

धुळ्याला नेटवर्किंगचा डिप्लोमा करणारी मोनाली उमेदवारीसाठी सोनगीरच्या एका पतपेढीत होती. ही शाखा धुळ्याच्या मुख्य कार्यालयाशी लीज्ड लाइनने, म्हणजे टेलिफोन कंपनीने फक्त त्यांच्यासाठी भाड्याने दिलेल्या तारेने जोडलेली. सोमवारी सकाळी ती लाइन पडली आणि खिडकीपुढे रांग तटली.

मोनालीने राउटर पाहिला. लाइन चालू, प्रोटोकॉल बंद. तारेत धुगधुगी होती, पण दोन टोकांचं बोलणं जमत नव्हतं. पीपीपी प्रोटोकॉलमध्ये दोन्हीकडचे राउटर आधी अटी ठरवतात, मग ओळख पटवतात, मग डेटा जातो. इथे पहिल्या पायरीवरच गाडी अडली होती.

तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, डिमार्कपर्यंत आमची लाइन ठणठणीत आहे," पलीकडचा म्हणाला. "पुढचं तुम्ही बघा."

डिमार्क म्हणजे कंपनीची हद्द संपते ती जागा. तिथला तारांचा डबा जिन्याखालच्या कोपऱ्यात होता. मोनाली तिथे गेली आणि ओढणी नाकाला लावून मागे सरली. भिंतीवर आणि डब्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे थरावर थर. जुने काळपट, ताजे अजून ओघळणारे. त्यात एक मेलेली पाल चिकटलेली. डब्याचं झाकण तिने काडीने उघडलं. लाल पाणी आत झिरपून तारांचे जोड हिरवट कुजले होते.

तरी तिने मोडेमवर लूप लावून, म्हणजे पाठवलेला सिग्नल तिथूनच परत फिरवून, चाचणी घेतली. राउटरपासून मोडेमपर्यंत सगळं ठीक. बिघाड त्या जोडांतच, कंपनीच्या बाजूला. तिने परत फोन केला.

"जोड आमचा, पण थुंकी कोणाची?" तो माणूस म्हणाला.

शाखाधिकारी योगराज साहेब गालात तोबरा धरूनच बाहेर आले. "धुरपदाबाई, तेवढं पुसून घ्या."

झाडलोट करणाऱ्या धुरपदाबाईंनी फडकं उचललं.

"अक्का, थांबा," मोनाली म्हणाली. "कोण थुंकतं इथे, सगळेच?"

"बठ्ठा साहेबलोकच थुकतस आठे," त्या हळूच म्हणाल्या. "मी रोज पुसस."

मोनालीला त्या भिंतीपेक्षा साहेबांच्या फुगलेल्या गालाची जास्त किळस आली. "साहेब, थुंकलात तुम्ही, पुसायचं यांनी का?"

साहेबांनी तोबरा दुसऱ्या गालात सरकवला. "तुझ्या प्रमाणपत्रावर माझी सही लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली. तिने डब्याचे फोटो काढले आणि बिघाडाच्या तक्रारीत कारण जसंच्या तसं लिहून मुख्य कार्यालयाला व कंपनीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्याने नवी तार ओढली आणि मुख्य कार्यालयाच्या हुकमाने डबा थेट साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीसमोर बसवला. प्रोटोकॉल चालू झाला, रांग सरकली. पण आठवडाभरात जिन्याचा दुसरा कोपरा लाल झाला. धुरपदाबाईंनी मात्र तिकडे फडकं नेलं नाही. लोक नाक धरून वर चढत, आणि साहेबही.

उमेदवारी संपली तेव्हा साहेबांनी प्रमाणपत्रावर सही केली. कागदाच्या कडेला त्यांच्या बोटाचा लालसर ठसा उमटला. मोनालीने तो कागद हातात घेतला नाही.

"दुसरा छापा, साहेब," ती म्हणाली. "आणि आधी हात धुऊन या."