हॅपीच्या चेहऱ्याखाली

आत्या परदेशी भाच्याकडे आली ती बाळाला दोन महिने सांभाळायला. ते बाळ आता घरभर पळायला लागलं, तरी आत्या आपली तिथेच! तिकडे तिचं शिवणाचं दुकान कुलूपबंद. "मला आता घरी पाठवा रे," असं म्हटलं की भाचा हसायचा. "काहीतरीच काय, आत्या! इथे काय कमी आहे तुला?" कमी काही नव्हतं हो. पण दाणापाणी वेळेवर मिळालं म्हणून पिंजऱ्याचं घर होतं का?

भाचेसुनेने तिला इंग्रजीच्या वर्गात घातलं, तेवढाच विरंगुळा म्हणून. तिथली तऱ्हाच न्यारी. भिंतीवर चेहऱ्यांची चित्रं, आणि प्रत्येकाला आपापला कपडे वाळत घालायचा चिमटा. आल्या आल्या तो आज जसं मन असेल तशा चेहऱ्याखाली लावायचा आणि मोठ्याने वाक्य म्हणायचं. भाचेसून दारात उभी असायची, म्हणून आत्या रोज हसऱ्या चेहऱ्याखाली चिमटा लावायची. "आय ॲम व्हेरी हॅपी!" बाई टाळ्या वाजवायच्या.

एकदा भाचेसून गाडी लावायला गेली, तेवढ्यात आत्याने चिमटा खिडकीतून एकट्याने बाहेर बघणाऱ्या चेहऱ्याखाली लावला. बाईंनी शब्द सांगितला, होमसिक. अगं बाई, आपल्या दुखण्याला इथे नाव आहे तर! आत्याने तो घोकून पाठ केला.

भाचेसुनेने आत येऊन चिमटा पाहिला आणि तिचा चेहरा पडला. भांडली नाही ती. पण दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद. "बाळ तुमच्याशिवाय राहत नाही ना, आत्या." आता धडे घरीच. आय ॲम फाइन, थँक यू, नो प्रॉब्लेम. त्यापुढे गाडी सरकेना.

मग मुक्काम वाढवायची परवानगी काढायचं ठरलं. ती मिळाली की आणखी दोन वर्षं सुटका नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. परवानगी देणाऱ्या साहेबापुढे काय बोलायचं ते भाच्याने तिच्याकडून घोटून घेतलं.

साहेबाने विचारलं, इथे राहायचंय का? भाचा शेजारी बसून मान डोलावत होता. मांडीवरच्या बाळाने तिचं बोट घट्ट धरलेलं.

"नो," ती म्हणाली. "आय ॲम होमसिक. आय वॉन्ट टू गो होम."

भाचा घाईघाईने सारवासारव करायला लागला. साहेबाने त्याला हातानेच थांबवलं, आत्याकडून तेच पुन्हा वदवून घेतलं आणि अर्ज परत केला.

बाहेर येताच भाचा लालबुंद झाला. "अगं, घरी बोलायचं ना! परक्या माणसापुढे कशाला?"

"घरी मराठीत सांगून सांगून जीभ झिजली रे माझी," आत्या म्हणाली. "तू हसायचास. तो परका हसला नाही."

भाच्याने बाळाला तिच्या कडेवरून आपल्याकडे ओढून घेतलं. बाळ रडायला लागलं, आणि आत्याही.