चौथे कडवे

"ती दोघं कोण गं?" कुंच्याने कबरीचा दगड घासता घासता ओपलने लेकीला विचारले.

व्हर्नाने पाहिले. एक अनोळखी जोडपे कुंपणाशी घुटमळत होते. बाईच्या हातात व्हर्नाचा अल्बम होता.

"माझं गाणं ऐकून आले असतील, आई."

"तुझं कधीपासून झालं ते?" ओपल म्हणाली आणि पुन्हा घासू लागली.

केंटकीच्या त्या डोंगरात दर मे महिन्यातल्या एका रविवारी कॉडिल मंडळी घराण्याच्या कबरी धुतात. मग वर्षभरात गेलेल्या माणसाच्या उशाशी उभे राहून व्हर्नाच्या पणजोबांनी रचलेले गाणे म्हणतात. वाद्य नाही, काही नाही. जेवणाआधी म्हणायचे आणि टेकडीवरच ठेवून यायचे, खाली कुठे म्हणायचे नाही. यंदा ते व्हर्नाच्या वडिलांसाठी, आर्विलसाठी व्हायचे होते.

शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षे राबून सत्तेचाळिसाव्या वर्षी व्हर्नाचा पहिला अल्बम निघाला. एक गाणे कमी पडत होते. वडील नुकतेच गेले होते. तिने डोळे मिटून हेच कबरीवरचे गाणे म्हटले, गिटार मागाहून घातली. नॅशव्हिलच्या पेपराने तिची स्वतःची नऊ गाणी एका ओळीत उरकली आणि यावर अर्धे पान खर्चले. गावात मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. या सगळ्याचा आता तिला नुसता शीण आला होता.

"आम्ही ओहायोहून आलो," वर येऊन बाई म्हणाली. "हे गाणं ऐकून आमचे हे गाडी थांबवून रडले. सही द्याल? आणि गाणं होईपर्यंत थांबलो तर चालेल ना?"

माणसे भली होती, हीच पंचाईत होती. व्हर्नाने सही केली. नवऱ्याने फोन काढून तयार धरला.

सगळे आर्विलच्या कबरीभोवती जमले. त्याच्या भावाने, डेल्बर्टने, टोपी काढली. पहिली ओळ नेहमी व्हर्नाच उचलायची. तिने आईकडे पाहिले. आईने फोनकडे पाहिले.

"टोपी घाल, डेल्बर्ट. कोंबडी गार होतेय."

"वहिनी, आर्विलचं पहिलं वर्ष आहे. त्यांना जा म्हणू का?"

"दारी आलेल्याला उपाशी धाडतोस? बसव त्यांना जेवायला."

मंडळी टेबलांकडे गेली. ओहायोच्या बाईला सगळ्यात मोठा तुकडा वाढला गेला. व्हर्ना एकटीच मागे राहिली. तिने कुंचा उचलला आणि आधीच लख्ख झालेला दगड पुन्हा घासायला घेतला. तिला वडिलांपुढे फार लाज वाटत होती.

थोड्या वेळाने ओपल ताट घेऊन आली.

"चौथं कडवं गाळलंस तू."

व्हर्नाचा हात थांबला. आईने अल्बम ऐकला होता तर.

"मोठं होत होतं, आई. अल्बमवाले काढा म्हणाले."

"म्हणजे ते बाहेर कुणाकडे नाही."

"नाही."

ओपलने ताट गवतावर ठेवले आणि ती टेबलांकडे पाठ करून उभी राहिली.

"मग तेवढं म्हण. हळू."

व्हर्ना गुडघ्यांवर बसली, दगडाशी वाकली आणि इतक्या हळू गायली, की ऐकायला ओपललाही वाकावे लागले.