काचेच्या बशीतला इलाज

वलगावच्या देवीदास माळ्याची बायको जयवंता. तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कॅन्सर आहे, पंधरा दिवसांत ऑपरेशन करून घ्या. बासष्ट सालच्या दसऱ्यानंतरची ही गोष्ट.

घरी आल्यावर जयवंता एवढंच म्हणाली, "मले कापू नका देऊ."

जवळच्या अमरावतीत कमलाकांत मास्तरांच्या घरी देवीदासची भाजी जाई. मास्तर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. दारात पालकाच्या जुड्या ठेवून देवीदासनं विचारलं, "मास्तर, तुमी येवढी बुकं वाचता. कापल्याबिगर काईच इलाज नाई का?"

मास्तरांनी त्याच आठवड्यात एका परदेशी मासिकात काही वाचलं होतं आणि ते कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटत होतं. "समुद्राच्या शेवाळातून एक द्रव्य काढलंय," ते म्हणाले. "कॅन्सरच्या पेशींवर टाकलं की त्या आपोआप मरायला लागतात. बाजूच्या चांगल्या पेशींना फारसा धक्का लागत नाही!"

"कुठी भेटते हे शेवाळ?"

"कोकणात खडकांवर कितीतरी असतं. पण हे बघ..."

देवीदास फाटकाबाहेर पडलासुद्धा.

आयुष्यात समुद्र न पाहिलेला माणूस रेल्वेनं आणि एसटीनं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पोचला. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं खडक खरवडले. कोणतं शेवाळ हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून हिरवं, तांबडं, तपकिरी सगळंच भरलं. चौदाव्या दिवशी दोन पोती घेऊन घरी आला. वासानं शेजारीपाजारी नाक धरून लांब सरकले. ऑपरेशनचे पंधरा दिवस उलटले, तरी तो तिला अकोल्याला घेऊन गेला नाही. सकाळ-संध्याकाळ काढा उकळायचा नि जयवंताला पाजायचा. ती ओकायची. तो पुन्हा वाटी भरायचा.

"पी वं, पेशी मरून राहिल्या आतमंदी," म्हणायचा.

महिन्याभरात गाठ लिंबाएवढी झाली. काखेतही हाताला लागू लागली.

भाजी का येत नाही म्हणून मास्तर सायकलनं वलगावला आले. चुलीवरच्या पातेल्यात शेवाळ उकळताना पाहून त्यांनी ते खाली उतरवलं.

"अरे, ते प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर झालं होतं! माणसाला अजून कुणी दिलेलं नाही."

"मंग तवाच काहून नाई सांगितलं?"

"सांगणारच होतो," मास्तर म्हणाले. आधी सांगायची गोष्ट त्यांनी शेवटी ठेवली होती.

दुसऱ्याच दिवशी ते दोघांना घेऊन अकोल्याला गेले. डॉक्टरांनी काख चाचपली, हात धुतले. आता कापून उपयोग नाही, म्हणाले. देवीदासनं त्यांचे पाय धरले. "आता कापा साहेब, पाह्यजे तेवढं कापा!" दोघा वॉर्डबॉयांनी त्याला उठवून बाहेर आणलं.

परतीच्या एसटीत मास्तरांना मान वर करवेना. जयवंताच बोलली. "कापू नका म्हनलं ते म्या, मास्तर. भेव मले वाटलं होतं. ह्याले काई बोलू नका, अन् तुमीबी सोताले लावून घेऊ नका."

माघात ती गेली. तेराव्याला मास्तर आले, पंगतीत न बसता मळ्यात विहिरीपाशी जाऊन बसले. देवीदास शेजारी येऊन टेकला. मग वांग्यांना पाणी द्यायचं राहिलं होतं म्हणून तो मोट जुंपायला उठला. मास्तर तिथंच बसून राहिले.